क्लिंगॉनच्या कपाळावरच्या आठ्या

ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायचं. मी सुट्टीला डोंबिवलीला मावशीकडे असायचो. मावशीचा मुलगा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याला मी दादा म्हणतो. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता, त्यामुळे कुणाचा गणवेश लाल आणि कुणाचा निळा, हे आम्हाला कित्येक वर्षं ठाऊकच नव्हतं. भाग सुरू व्हायच्या आधी दादा पलंगाखालून दोनशेपानी वही काढायचा, पेन्सिलीला टोक करायचा आणि पडद्यावर जे जे कळेल ते टिपून घ्यायचा. व्हल्कन लोकांचं रक्त हिरवं. ट्रान्सपोर्टरने माणूस यानातून थेट ग्रहावर उतरतो. यान प्रकाशापेक्षा वेगाने जातं, त्या वेगाला वॉर्प म्हणतात. इंग्रजी आमचं बेताचं, पण वहीत एकही ओळ अंदाजाने लिहिलेली नव्हती. ऐकू आलं नाही तिथे दादा टिंबं द्यायचा.

पुढे मी मुद्रितशोधक झालो. तीस वर्षं पुण्यात दुसऱ्यांच्या पुस्तकांची प्रुफं वाचतोय. दुसऱ्या प्रकरणात डाव्या पायाने लंगडणारा माणूस सातव्यात उजव्या पायाने लंगडू लागला, तर तो मला सापडला पाहिजे. ही नजर मला दादाच्या वहीने दिली, असं मी मानतो.

‘स्टार ट्रेक’ अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ला सुरू झालं. मूळ मालिका ७९ भागांची, १९६९मध्ये संपली. मग सिनेमे आले, १९८७पासून एकामागून एक नव्या मालिका आल्या, आणि आजही हे जग लिहिलं जातंय. इतकी माणसं इतकी वर्षं एकच गोष्ट सांगताहेत म्हटल्यावर आधी घालून दिलेले नियम कुठे ना कुठे हलणारच. ते हलले की जगभरचे चाहते हिरिरीने वाद घालतात. आम्ही दोघं चाळीस वर्षं घालतोय. अलीकडे माझी भाचीही त्यात उतरली आहे. त्यातून जे शिकलो ते असं.

१. आधी नोंद, मग मत

१९७९चा पहिला सिनेमा आम्ही बऱ्याच उशिरा, भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर पाहिला. सुरुवातीलाच क्लिंगॉनांची तीन याने दिसतात. क्लिंगॉन म्हणजे मालिकेतले लढवय्ये शत्रू. मूळ मालिकेत ते माणसासारखेच होते: चेहऱ्याला गडद रंग, जाड भुवया, मिशा. या सिनेमात मात्र त्यांच्या नाकापासून डोक्यापर्यंत हाडांची वर आलेली रांग होती. आम्ही त्याला आठ्या म्हणायचो.

मी ओरडलोच, “हे क्लिंगॉन नाहीत! दुसरेच कुणीतरी आहेत.”

दादाने कॅसेट थांबवली. व्हीसीआरचं भाडं तासांवर चालू होतं, तरी थांबवली. वही काढून लिहिलं: “क्लिंगॉन – कपाळ बदललं. कारण नाही.” मग म्हणाला, “हां, आता बोल.”

कारण गोष्टीबाहेरचं होतं. साठच्या दशकातल्या टीव्हीकडे तसल्या मेकअपला ना पैसा होता ना वेळ. सिनेमाकडे दोन्ही होते. पण वाद घालताना आधी नेमकं काय बदललं हे कागदावर असलं की अर्धी चीड तिथेच उतरते, आणि उरते ती खरी असते. चाहत्यांच्या वादात मी अनेकदा पाहिलंय, पूर्वी काय होतं हेच लोकांना चुकीचं आठवत असतं. मालिकेतला व्हल्कन स्पॉक कधीच हसत नाही, असं छातीठोकपणे सांगणाऱ्याने पहिला चाचणी भाग पाहिलेला नसतो. त्यात तो थरथरणारी पानं हातात धरतो आणि चक्क मोकळेपणाने हसतो.

२. खुलासा तोच चांगला, जो आधीच्या गप्प बसण्याचाही खुलासा करतो

कपाळाचं कोडं पुढे सतरा वर्षं तसंच राहिलं. मधे १९९४मध्ये ‘डीप स्पेस नाइन’च्या एका भागात मूळ मालिकेतले तीन क्लिंगॉन परत आले. नट तेच, तिघेही म्हातारे झालेले, आता कपाळावर आठ्या. कुणी एका शब्दाने खुलासा केला नाही, आणि मला तो हवासाही वाटला नाही. त्यांच्यातल्या जॉन कोलिकॉसचा आवाज ऐकला आणि हाच तो मूळ मालिकेतला कोर, हे पटलं.

१९९६मध्ये मालिकेला तीस वर्षं झाली, तेव्हा त्यांनी एक सुंदर प्रयोग केला. १९६७च्या एका भागाच्या जुन्या फितीत ‘डीप स्पेस नाइन’ची माणसं संगणकाने मिसळली. त्यांच्यात वॉर्फ होता, आठ्यांवाला क्लिंगॉन. समोर सपाट कपाळाचे क्लिंगॉन बसलेले. सहकारी चक्रावून वॉर्फकडे पाहतात. तो अवघडतो आणि एवढंच सांगतो, की या विषयावर आम्ही परक्यांशी बोलत नाही.

मला हे उत्तर अतोनात आवडलं. एखाद्या घरात जुनी दुखरी गोष्ट असते, ती पाहुण्यांसमोर काढायची नसते, तसं ते होतं. दादाला ते मुळीच पटलं नाही. “हा खुलासा नाही, टाळाटाळ आहे,” म्हणाला, आणि वहीतलं “कारण नाही” तसंच ठेवलं.

मग २००५मध्ये ‘एंटरप्राइज’ मालिकेने दोन भागांत कारण दिलं. बलवान माणसं घडवण्यासाठी पृथ्वीवर झालेल्या जनुकीय प्रयोगांचं साहित्य क्लिंगॉनांच्या हाती लागतं, ते स्वतःवर प्रयोग करतात, त्यातून साथ पसरते. इलाज मिळतो, पण वाचलेल्यांची कपाळं माणसासारखी सपाट होतात. मी साशंक मनाने पाहायला बसलो होतो. पाहताना लक्षात आलं, की या लेखकांनी वॉर्फचं उत्तर पुसलं नव्हतं, उलट त्यालाच आधार दिला होता. लढवय्या जमातीने माणसासारखं बलवान व्हायचा प्रयत्न केला आणि माणसासारखी दिसू लागली. ही लाज कोण परक्यांना सांगेल? वॉर्फ गप्प का बसला, हे नऊ वर्षांनी कळलं. तेव्हापासून कुठलाही नवा खुलासा मी याच कसोटीवर घासून पाहतो.

३. मोडण्यापेक्षा विसरणं वाईट

आकड्यातला नियम मोडला की लगेच दिसतो, म्हणून वॉर्पवर सगळ्यात जास्त वाद झाले. मूळ मालिकेच्या लेखकांना दिलेल्या हिशोबात वॉर्पचा घन करायचा होता: वॉर्प २ म्हणजे प्रकाशाच्या ८ पट, ३ म्हणजे २७ पट, ६ म्हणजे २१६ पट. या हिशोबाला वरची सीमा नव्हती. एका भागात यान १४च्या पुढे जातं. १९८७च्या नव्या मालिकेत मोजपट्टीच बदलली. आता वॉर्प १० म्हणजे अनंत वेग, तिथे कुणीही पोचू शकत नाही. मला ही मोजपट्टी जास्त आवडते. ज्या जगात सगळं शक्य आहे, त्यात एक तरी भिंत हवी.

जानेवारी १९९६मध्ये ‘व्हॉयेजर’च्या एका भागात ती भिंत पडली. वैमानिक टॉम पॅरिस वॉर्प १० गाठतो. परिणाम म्हणून त्याची उत्क्रांती भलत्या वेगाने होऊ लागते, तो कप्तान जेनवेलाही सोबत घेऊन जातो, आणि दोघांचे पाणसरड्यासारखे प्राणी होतात. डॉक्टर दोघांना पुन्हा माणूस करतो. भाग संपतो.

माझी भाची भौतिकशास्त्र शिकते. तिने हा भाग माझ्याकडे बसून पाहिला तेव्हा मला वाटलं, ती अनंत वेगावरच तुटून पडेल. ती म्हणाली, “मामा, ते जाऊ दे. हे यान घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षं लांब अडकलंय ना? परत यायला पंचाहत्तर वर्षं लागणार आहेत ना? मग यांना क्षणात कुठेही जाता येतं, आणि माणसाला बरं कसं करायचं तेही आता माहितेय. पुढच्या आठवड्यात हे इंजिन का नाही वापरत?”

पुढच्या आठवड्यात त्याचं नावही कुणी काढत नाही. मालिकेची सगळी ओढ घर लांब आहे यावर उभी, आणि तीच गोष्ट एका भागात क्षुल्लक करून ठेवली.

मला याहून लागलेलं उदाहरण १९९३चं आहे. ‘नेक्स्ट जनरेशन’च्या एका भागात दोन भावंडं शास्त्रज्ञ ओरडून सांगतात, की तुमच्या वॉर्प इंजिनांनी अवकाशाचा पोत फाटतोय, आमचा ग्रह उजाड होईल. त्यातली बहीण हे सिद्ध करण्यासाठी जीव देते. शेवटी नियम होतो: आणीबाणी सोडून कुणीही वॉर्प ५च्या वर जायचं नाही. केवढा धाडसी बदल होता! ज्या वेगावर मालिका उभी, त्याच वेगाचं पाप मालिकेने कबूल केलं. पुढे एकदोन ठिकाणी “या मोहिमेपुरती मर्यादा उठवली आहे” अशी वाक्यं आली, आणि मग नियम हवेत विरला. तो रद्द केला असता तर मी एवढा दुखावलो नसतो. ज्या बाईने त्यासाठी जीव दिला, तिची आठवण गोष्टीने ठेवायला हवी होती.

४. चूक दाखवणारा वाचक आपल्याच बाजूचा असतो

वीसेक वर्षांपूर्वी मी एका रहस्यकथामालेची प्रुफं वाचत होतो. चौथ्या पुस्तकात नायकाला दूध चालत नाही, असं येऊन गेलं होतं. नवव्या पुस्तकात तो चहा प्याला. माझ्या नजरेतून निसटलं. पुस्तक बाजारात गेल्यावर प्रकाशकाकडे सांगली जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचं पोस्टकार्ड आलं. दोन्ही पुस्तकांचे पृष्ठक्रमांक आणि ओळीचे क्रमांक, बारीक सुवाच्य अक्षर, दोन ओळींमध्ये रेघ मारल्यासारखं अंतर. मी मान खाली घालून वाचत होतो. तळाशी, पत्त्याच्या बाजूला सरकत गेलेल्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, की बहुधा मूळ हस्तलिखितात “कोरा चहा” असावं आणि “कोरा” हा शब्द जुळणीत गळला असावा.

हस्तलिखितात तो नव्हता, मी उघडून पाहिलं. पुढच्या आवृत्तीत तो शब्द घातला. पोस्टकार्ड आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे.

‘स्टार ट्रेक’च्या १९८२च्या सिनेमात खान हा खलनायक मूळ मालिकेतल्या चेकॉव्हला पाहताक्षणी ओळखतो. खान मूळ मालिकेत आला फेब्रुवारी १९६७मध्ये. चेकॉव्हची भूमिका करणारे वॉल्टर कोनिग मालिकेत आले त्याच वर्षी सप्टेंबरात. दोघांची गाठ पडलीच कशी? चाहत्यांनी ही विसंगती शोधली आणि त्यांनीच ती भरून काढली: चेकॉव्ह तेव्हा यानावर होता, फक्त खालच्या मजल्यावर कामाला होता, म्हणून आपल्याला दिसला नाही. हाही त्यांचा “कोरा चहा”च. ज्याला गोष्ट नकोशी आहे, तो माणूस गळलेला शब्द शोधत बसत नाही.

५. अक्षर न बदलताही नियम बदलतो, आणि तो बदल सगळ्यात उशिरा दिसतो

‘स्टार ट्रेक’चा सगळ्यात मोठा नियम म्हणजे प्राइम डायरेक्टिव्ह. आपल्याहून मागे असलेल्या संस्कृतीच्या वाटचालीत ढवळाढवळ करायची नाही. हे नाव पहिल्यांदा १९६७मध्ये उच्चारलं गेलं, आणि त्याच भागात कप्तान कर्कने नियम मोडला, कारण तिथली माणसं एका संगणकाची गुलाम होऊन थिजली होती. कर्कने तो पुढेही मोडला, दर वेळी कारण देऊन.

१९६८च्या एका भागात एक लघुग्रह एका ग्रहावर आदळणार असतो. ग्रहावर साधीभोळी, आगीनगाडीसुद्धा न पाहिलेली माणसं. यान त्या दगडाला वळवायला धावतं, त्यात यानाची इंजिनं जळतात. यांना वाचवणं ही ढवळाढवळ होईल का, हा प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही. बुडणाऱ्याला हात द्यायला परवानगी कसली?

१९८९मध्ये ‘नेक्स्ट जनरेशन’च्या भागात ग्रह फुटायला आलाय आणि तिथली एक लहान मुलगी रेडिओवर विचारतेय, कुणी आहे का. यंत्रमानव डेटा तिला उत्तर देऊन बसलाय. आता अधिकारी कप्तान पिकार्डच्या खोलीत बसून चर्चा करतात. पिकार्ड नियमाच्या बाजूने झुकलेला, तेवढ्यात त्या मुलीचा घाबरलेला आवाज खोलीत ऐकू येतो. मग तो वितळतो. म्हणजे वीस वर्षांत प्रश्न तरी उभा राहिला होता. आणि १९९४मध्ये ‘होमवर्ड’ नावाच्या भागात एका ग्रहाचं वातावरण विरतं, सगळे लोक मरणार असतात, आणि पिकार्ड नियमाप्रमाणे मान झुकवून ते पाहायला उभा राहतो. एक गाव वाचतं ते केवळ वॉर्फच्या मानलेल्या भावाने कप्तानाला न विचारता त्यांना यानात लपवून आणलं म्हणून. आणि रागावणी त्याच भावाला.

नियमाची दुरुस्ती झाली, असं कुठल्याच भागात कुणी सांगितलं नाही. पण शक्तिमानाला घातलेली वेसण हळूहळू हात न देण्याची सबब झाली. क्लिंगॉनचं कपाळ एका दृश्यात दिसलं. हा बदल दिसायला मला तिन्ही भाग एका बैठकीत पाहावे लागले.

दादा रेल्वेत सिग्नलच्या कामावर होता. त्याच्या दृष्टीने नियम म्हणजे पूर्वी कुणाचा तरी जीव गेला म्हणून लिहिलेली ओळ. तो पिकार्डच्या बाजूने ठाम. “आज या गावाला वाचवलंस, उद्या त्यांचा राजा कोण हे ठरवशील. नियम असतो तो चांगल्या माणसाला आवरायला. वाईट माणूस कुठे नियम वाचतो?” भाची म्हणायची, “मोठा मामा, पण मेलेल्या लोकांची वाटचाल कसली?” हे दोघांचं दोन दिवाळ्या चाललं.

तिसऱ्या दिवाळीत फराळाची ताटली हातात घेऊन दादा स्वतःहून म्हणाला, “मी विचार केला. आमच्याकडे ऑटोमॅटिक सिग्नल असतो. तो लाल असला तरी गाडी कायमची उभी राहत नाही. मोटरमनने दिवसा एक मिनिट थांबायचं, रात्री दोन मिनिटं. मग समोर नजर ठेवून, थांबता येईल इतक्या सावकाश पुढे जायचं. हेही नियमातच लिहिलंय. पिकार्ड थांबला ते बरोबर. पण थांबल्यावर त्याने समोर पाहिलंच नाही.”

प्राइम डायरेक्टिव्हबद्दल मी बरंच वाचलंय. डोंबिवलीच्या त्या खोलीत ऐकलं त्याहून नेमकं कुठे सापडलं नाही.

६. जाचक नियमातूनही वाट निघते

मालिकेचा जनक जीन रॉडेनबेरी याचा आग्रह होता, की चोविसाव्या शतकातली माणसं परिपक्व असतील, आपसात क्षुद्रपणे भांडणार नाहीत. लेखक वैतागायचे; भांडण नाही तर नाट्य कसलं? १९८९मध्ये रोनाल्ड मूर या नव्या लेखकाची कथा आली: मोहिमेत आई गेलेला लहान मुलगा. रॉडेनबेरी म्हणाला, त्या काळातलं मूल मरण स्वीकारेल, शोक करणार नाही. मुख्य लेखक मायकेल पिलरने नियम मोडला नाही. त्याने मुलाला रडूच दिलं नाही. मुलगा शहाण्यासारखा वागतो, सगळं ठीक आहे म्हणतो, आणि पाहणाऱ्याचा जीव तुटत जातो. सगळी गोष्ट त्याच्या आतला हुंदका बाहेर कधी येईल याची होते. तो भाग पाहिल्यापासून जाच वाटणाऱ्या नियमालाही मी एक संधी देतो.

७. तारीख हलवावी, माणूस हलवू नये

१९६७मध्ये खानची ओळख करून देताना मालिकेने सांगितलं होतं, की तो १९९०च्या दशकातल्या युद्धांतला हुकूमशहा. लेखकांना तेव्हा तीस वर्षं पुष्कळ वाटली असतील. १९९६ आलं नि गेलं, युद्ध काही झालं नाही. २०२३मध्ये ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’च्या एका भागात खान एकविसाव्या शतकातल्या टोरांटोत लहान मूल म्हणून दिसतो. खुलासा असा, की काळप्रवास करणाऱ्यांनी इतिहासात इतक्यांदा हात घातला की घटना पुढे सरकल्या. पण काळ हट्टी आहे, त्या घडायच्या राहत नाहीत. मला हा बदल पूर्ण मान्य आहे. त्या भागात एका मुलीला आपल्या कुळाचा शाप असलेल्या मुलासमोर उभं राहावं लागतं, आणि तारीख हलवल्यामुळे ते शक्य झालं.

दुसरा बदल मान्य नाही. खान नूनियन सिंग हा उत्तर भारतातला, बहुधा शीख, असं मूळ भागात म्हटलेलं आहे. भूमिका मेक्सिकन नट रिकार्डो मोंताल्बान यांनी केली, साठच्या दशकातली रीत म्हणून ते आपण समजून घेतो. पण २०१३च्या सिनेमात बेनेडिक्ट कंबरबॅच खान म्हणून उभा राहिला. नंतर एका कॉमिकमध्ये चेहरा शस्त्रक्रियेने बदलल्याचं कारण दिलं. दादाच्या वहीत १९८०च्या दशकातली ओळ आहे: “खान – आपल्याकडचा.” खाली दोन रेघा मारलेल्या. कुठल्यातरी भारतीय नटासाठी राखून ठेवावी अशी ती जागा होती.

८. “सोड ना, गोष्टच आहे” असं कधी म्हणू नये

मे २००९चा सिनेमा. रोम्युलन लोक काळातून मागे येतात, त्यामुळे इतिहासाला वेगळा फाटा फुटतो, आणि त्या फाट्यात व्हल्कन ग्रह नष्ट होतो. नियमाच्या दृष्टीने काम चोख होतं: जुना इतिहास आपल्या जागी सुरक्षित, नवा वेगळा. मी खूश होतो.

दादाचा रात्री फोन आला. आवाज चढलेला. “स्पॉकची आई मेली. हे चालणार नाही. १९६७च्या भागात अमांडा आहे. चौथ्या सिनेमात आहे. तिला असं मारता येणार नाही.”

मी समजावलं, तो वेगळा काळ आहे, जुनी अमांडा जिवंतच आहे. तो ऐकेना. पुन्हा पुन्हा भागांची नावं सांगत राहिला. रात्रीचे अकरा वाजले होते, सकाळी प्रुफं द्यायची होती. मी म्हणालो, “अरे दादा, सोड ना. गोष्टच आहे.”

त्याने फोन ठेवला. मग पाच महिने त्याचा फोन नाही.

मावशी त्याच वर्षी जानेवारीत गेली होती. पडद्यावर स्पॉक ट्रान्सपोर्टरच्या चौकटीत हात पुढे करून उभा राहतो, आणि हाताच्या अंतरावर असलेली आई सोबत येत नाही. हे दृश्य पाहून दादा घरी आला होता आणि त्याच्याकडे बोलायला वहीतले भाग तेवढे होते. मी ते भाग ऐकले आणि भागांनाच उत्तर दिलं. कुणी एखाद्या नियमासाठी फार हट्टाला पेटलं, की आता मी आधी विचारतो, घरी सगळं बरं आहे ना.

९. खोडू नये, समासात लिहावं

भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९मध्ये हाती घेतली आणि १९६६मध्ये पुरी केली, म्हणजे ‘स्टार ट्रेक’ सुरू झालं त्याच वर्षी. १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. मुद्रितशोधक म्हणून मला त्या खंडांचं पानच फार प्रिय आहे: वर संहिता, खाली तळटिपांत पाठभेद. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची कथा संहितेतून निघाली, पण फेकली नाही. परिशिष्टात आहे, ज्याला हवी त्याला सापडते.

‘स्टार ट्रेक’ची १९७३-७४ची कार्टून मालिका २२ भागांची होती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस रॉडेनबेरीच्या कार्यालयाने ती अधिकृत इतिहासातून बाहेर काढली. पण कर्कचं मधलं नाव टायबेरियस हे पहिल्यांदा त्या मालिकेत उच्चारलं गेलं होतं, आणि १९९१च्या सिनेमात ते पडद्यावर आलंच. बाहेर काढलेलं परिशिष्टातून पुन्हा आत आलं. अगदी सुरुवातीच्या एका भागात कर्कच्या नावाने उभारलेल्या थडग्यावर मधलं अक्षर वेगळंच कोरलेलं आहे; तेही कुणी पुसलेलं नाही.

गेल्या महिन्यात मी आणि भाची डोंबिवलीला गेलो होतो. दादाच्या डोळ्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. त्याने भाचीला पलंगाखालची वही काढायला सांगितली. पानं पिवळी पडलीत, शिवण सुटलीय, पण पेन्सिल अजून वाचता येते. ती एकेक ओळ मोठ्याने वाचत होती आणि तो डोळे मिटून हं हं म्हणत होता. ती एका ओळीशी थांबली.

“मोठा मामा, इथे ‘क्लिंगॉन – कपाळ बदललं. कारण नाही’ असं आहे. कारण तर मिळालं की नंतर. हे ‘कारण नाही’ खोडू?”

“खोडू नको. तेव्हा नव्हतंच ते. समासात २००५ लिही.”

तिने लिहिलं. मग विचारलं, “आणि २०१७मध्ये ‘डिस्कव्हरी’त त्यांचे केसच गेले, डोकी लांबट झाली, त्याचं?”

दादाने डोळे उघडले. “त्याच्याखाली चार ओळी जागा सोड,” म्हणाला, आणि पेन्सिलीला टोक करायला तिच्या हातातून घेतली.